दोन तारामती

हरिश्चंद्राची कथा महाराष्ट्राला नवी नाही. सत्यासाठी राज्यावर पाणी सोडणारा राजा आणि त्याच्या मागोमाग दास्य पत्करणारी राणी तारामती ही दोन माणसे कीर्तनांतून, पोथ्यांतून आणि नाटकांतून घरोघर पोहोचलेली आहेत. मराठी माणसाने उभारलेल्या चित्रसृष्टीचा प्रारंभ याच कथेने झाला, आणि मराठी बोलपटाचाही प्रारंभ याच कथेने झाला, हा मोठा चमत्कारिक योग म्हटला पाहिजे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला. पहिल्या चित्रपटात तारामती झाले होते अण्णा साळुंखे नावाचे एक पुरुष. दुसऱ्या चित्रपटात तारामती झाल्या दुर्गा खोटे. या दोन तारामतींमध्ये अवघी एकोणीस वर्षे आहेत. परंतु या एकोणीस वर्षांत पडद्यावरील स्त्रीचे जे स्थित्यंतर घडले, त्यात आपल्या समाजाच्या इतिहासाचे एक मोठे प्रकरण सामावलेले आहे.

या स्थित्यंतराकडे पाहताना तीन प्रश्न वेगवेगळे ठेवणे हिताचे ठरते. पडद्यावर कोणाची कथा सांगितली जाते, हा पहिला प्रश्न. ती कथा वठविण्याची मुभा कोणाला असते, हा दुसरा. आणि त्या कथेचा शेवट काय व्हावा, हे कोण ठरवितो, हा तिसरा. स्त्रीची कथा सांगितली म्हणजे स्त्रीला न्याय मिळाला, अशी समजूत पुष्कळांची असते. पण प्रारंभीचा चित्रपट पाहिला, तर या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांपासून किती दूर असू शकतात, हे ध्यानात येते.

फाळके यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही. त्यांनी शोध पुष्कळ केला. समाजाने बहिष्कृत मानलेल्या स्त्रियांच्या वस्तीपर्यंत ते जाऊन आले. पण कॅमेऱ्यापुढे उभे राहण्यास तेथेही कोणी राजी होईना. अखेर एका उपाहारगृहात काम करणारे साळुंखे त्यांच्या दृष्टीस पडले. याच साळुंख्यांनी पुढे १९१७ सालच्या ‘लंकादहन’ चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकच मनुष्य पती आणि पत्नी या दोन्ही रूपांत पडद्यावर आला, आणि प्रेक्षकांनी ते आनंदाने मान्य केले.

यात प्रेक्षकांना वावगे काही वाटले नाही, कारण मराठी रंगभूमीने त्यांची दृष्टी तशी घडविली होती. स्त्रीपार्टी नट ही त्या रंगभूमीची मोठी शान होती. १९१९ साली राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले, तेव्हा दारुड्या पतीचा छळ निमूटपणे सोसणारी सिंधू बालगंधर्वांनी उभी केली. सिंधूच्या दुःखाने नाट्यगृहात स्त्रियांच्या डोळ्यांना पदर लागत असत. ज्या सिंधूला पाहून त्या रडत, तिचे शब्द एका पुरुषाने लिहिले होते आणि तिचे अश्रू दुसऱ्या पुरुषाने ढाळले होते. सोशिक, पतिव्रता, मरेपर्यंत क्षमा करणारी अशी जी आदर्श स्त्री मराठी मनात ठसली, तिच्या घडणीत प्रत्यक्ष स्त्रीचा हात फारच थोडा होता. बालगंधर्वांच्या कलेचे थोरपण याने उणे होत नाही. परंतु पुढे जेव्हा खऱ्या स्त्रिया अभिनयासाठी पुढे आल्या, तेव्हा त्यांच्यापुढे नमुना म्हणून उभा होता तो हा पुरुषनिर्मित आदर्श, हे विसरून चालणार नाही.

फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ या १९१३ सालच्या चित्रपटात मात्र दोन स्त्रिया पडद्यावर आल्या. दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची, तर त्यांची लहान वयाची कन्या कमलाबाई यांनी मोहिनीची भूमिका केली. मायलेकी फिरत्या नाटक मंडळीत काम करून पोट भरणाऱ्या होत्या. पुढे कमलाबाई गोखले या नावाने प्रसिद्ध झालेल्या या मुलीच्या घराण्यात चंद्रकांत गोखले आणि विक्रम गोखले असे नामवंत नट निपजले. पाचसहा वर्षांनी ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ या चित्रपटांत फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाचे काम केले. पुरुष सीता होऊ शकतो, त्याचप्रमाणे मुलगी कृष्ण होऊ शकते, हे त्या काळच्या प्रेक्षकाने सहज स्वीकारले होते. आणि पडद्यामागे सरस्वतीबाई फाळके फिल्मला छिद्रे पाडण्यापासून रसायने सिद्ध करण्यापर्यंतची कामे करून शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळीत होत्या. त्यांचे नाव मात्र फार उशिरा लोकांच्या कानी पडले.

याच सुमारास अमेरिकेत हॉलिवूडची भरभराट होत होती, आणि तेथील मूकपट मुंबईपुण्याच्या चित्रगृहांतून मोठ्या संख्येने दाखविले जात होते. तेथे जो प्रकार विशेष लोकप्रिय होता, त्यास मेलोड्रामा म्हणतात. मराठीत त्यास अतिनाट्य म्हणता येईल. एका बाजूला निष्पाप जीव, दुसऱ्या बाजूला निर्दय शक्ती. मध्ये संकटांची मालिका. आणि भावनांचा असा पूर की शब्दांवाचूनही सर्व काही कळावे, असे त्याचे स्वरूप असते. ग्रिफिथ हा त्याचा मोठा दिग्दर्शक. १९२० सालच्या त्याच्या ‘वे डाउन ईस्ट’ या चित्रपटात लिलियन गिश हिने खोट्या विवाहाला बळी पडलेल्या मुलीचे काम केले. तिचे मूल मरते, गावाला तिचा पूर्ववृत्तांत कळतो, घराचे दार बंद होते आणि ती हिमवादळात बाहेर पडते. वाहत्या बर्फाच्या लादीवर निश्चेष्ट पडलेली ती मुलगी जगभरच्या प्रेक्षकांनी श्वास रोखून पाहिली.

परंतु त्याच ग्रिफिथने १९१५ साली ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ काढला होता. त्यातील प्रमुख कृष्णवर्णीय पात्रांची कामे तोंडाला काळा रंग फासलेल्या गोऱ्या नटांनी केली, आणि ती पात्रे अशी रंगविली की कृष्णवर्णीयांविरुद्धच्या द्वेषाला त्यातून नवे बळ मिळाले. १९१९ सालच्या ‘ब्रोकन ब्लॉसम्स’मध्ये एका दुबळ्या, मार खाणाऱ्या मुलीवर निर्मळ प्रेम करणारा चिनी तरुण आहे. पात्राकडे सहानुभूतीने पाहिले आहे. पण ते काम केले रिचर्ड बार्थेलमेस या गोऱ्या नटाने. चिनी वंशाची ॲना मे वाँग ही गुणी नटी हॉलिवूडमध्ये असतानाही, १९३७ सालच्या ‘द गुड अर्थ’मधील चिनी शेतकरणीची प्रमुख भूमिका युरोपातून आलेल्या लुइझ रायनर हिला मिळाली, आणि त्या भूमिकेसाठी तिला ऑस्कर पारितोषिकही लाभले.

आपल्याकडे स्त्रीच्या जागी पुरुष, तिकडे चिनी किंवा कृष्णवर्णीय माणसाच्या जागी गोरा. कारणे निराळी होती. आपल्याकडे लोकलज्जेमुळे स्त्री पुढे येत नव्हती. तिकडे माणूस पुढे आलेला असूनही त्याला दार उघडले जात नव्हते. फळ मात्र एकच. ज्याचे दुःख पडद्यावर मांडायचे, त्याला ते स्वतः मांडता येत नव्हते.

मूकपटाच्या दुसऱ्या दशकात आपल्याकडे स्त्रिया पडद्यावर आल्या, पण त्या कोठून आल्या, हे पाहण्याजोगे आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० सालच्या ‘सैरंध्री’त गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन स्त्रियांना कामे दिली, आणि पडद्यासाठी त्यांची नावे कमलादेवी व सुशीलादेवी अशी झाली. पुण्यात १९०७ साली जन्मलेली रूबी मायर्स ही ज्यू मुलगी टेलिफोन ऑपरेटरचे काम सोडून सिनेमात आली आणि सुलोचना या नावाने मूकपटांची सर्वांत गाजलेली तारका झाली. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ या १९२७ सालच्या चित्रपटात तिने आठ वेषांत कामे केली. त्यांतील काही वेष पुरुषाचे होते. ज्यू, अँग्लोइंडियन आणि कलावंतिणींच्या घराण्यांतील या मुलींनी हिंदी चित्रपट आपल्या पायांवर उभा केला. कुळाची अब्रू हे जे कुंपण इतर घरांतील स्त्रियांभोवती होते, ते यांच्याभोवती तितके उंच नव्हते. म्हणून हे साहस यांच्या वाट्याला आले. पण पडद्यावर त्या आल्या त्या सुलोचना, सीतादेवी अशी नावे घेऊन. त्यांच्यातील वैविध्य व्यवसायाला उपयोगी पडले, पण ते नावांच्या आड झाकले गेले.

या झाकाझाकीचे एक टोक मुंबईतून थेट हॉलिवूडपर्यंत पोहोचते. १९११ साली मुंबईत जन्मलेली एक अँग्लोइंडियन मुलगी पुढे मर्ल ओबेरॉन या नावाने हॉलिवूडची विख्यात नटी झाली. तिचा जन्म टास्मानियात झाला, असे जगाला सांगण्यात आले. आईकडून आलेले आशियाई रक्त उघड झाले असते, तर त्या काळात तिला नायिका म्हणून उभे राहणे अशक्य झाले असते. पुण्यात जन्मलेली एक मुलगी आपले परके नाव सोडून हिंदू नाव घेते, आणि दुसरी मुंबईतील आपले जन्मगाव पुसून टाकते. प्रेक्षकाला जे पाहायची सवय आहे, त्यात बसण्यासाठी माणसाला स्वतःचा काही भाग दाराबाहेर ठेवावा लागतो, हे या दोन चरित्रांवरून कळते.

अशा वेळी दुर्गा खोटे आल्या. लाड घराण्यात जन्मलेल्या, सुस्थितीतल्या खोटे घराण्यात दिलेल्या, कॉलेजात शिकलेल्या या स्त्रीवर संसार चालविण्यासाठी मिळवती होण्याची पाळी आली. १९३१ सालच्या ‘फरेबी जाल’मधील लहानशा भूमिकेने त्यांच्यावर मोठी टीका ओढवली. परंतु पुढील वर्षी ‘अयोध्येचा राजा’तील तारामतीने तो सारा अपवाद धुऊन काढला. ‘कुलीन घराण्यातील स्त्रियाही आता सिनेमात येऊ लागल्या’, असे कौतुकाने म्हटले जाऊ लागले. या कौतुकाला दोन बाजू आहेत. दुर्गाबाईंच्या धैर्यामुळे पुढच्या कितीतरी मुलींचा मार्ग सुकर झाला, ही एक बाजू. ‘कुलीन’ या एका शब्दाने त्यांच्या आधीच्या दुर्गाबाई कामत, गुलाबबाई, सुलोचना या साऱ्यांच्या कष्टांवर नकळत एक डाग लावला, ही दुसरी.

दुसऱ्या तारामतीबरोबर बोलपट आला, आणि स्त्रीला पडद्यावर आवाज मिळाला. तो तिने कशासाठी वापरला? प्रभातच्या चित्रपटांतून याचे उत्तर मिळते. १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये गौरी या नटीने साकारलेली जिजाई ही सिंधूच्या कुळातली नाही. ती भांडते, देवाला शिव्या घालते, पोरांच्या पोटाची काळजी वाहते. नवरा वैकुंठाला निघतो तेव्हाही तिला चुलीवरच्या स्वयंपाकाचे भान असते. भक्तीच्या कथेत संसाराचा पक्ष इतक्या जिवंतपणे मांडणारी स्त्री मराठी पडद्यावर पूर्वी दिसली नव्हती.

आणि १९३७ साली ‘कुंकू’ आला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात शांता आपटे यांनी नीरेची भूमिका केली. पोरक्या नीरेचे लग्न फसवून काकासाहेब या वृद्ध विधुर वकिलाशी लावले जाते. जरठकुमारी विवाह हा विषय जुनाच होता. देवलांच्या ‘शारदा’ नाटकाने १८९९ सालीच त्यावर प्रहार केला होता. पण शारदेचा कैवार घेऊन झगडतो तो कोदंड. नीरेची लढाई नीरा स्वतः लढते. ती या विवाहाला विवाह मानण्याचे साफ नाकारते आणि पतीच्या शयनगृहात पाऊल टाकीत नाही. वाईट दृष्टीने जवळ येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने फोडून काढते. काकासाहेबांची समाजकार्य करणारी कन्या सुशीला तिच्या पाठीशी उभी राहते. ही भूमिका केली शकुंतला परांजपे यांनी, ज्यांनी पुढे प्रत्यक्ष जीवनात संततिनियमनाचे कार्य हयातभर केले. दिग्दर्शक शांताराम यांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वर्ज्य केले आणि घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे ठेवले. अतिनाट्याची कथा त्यांनी अशा रीतीने अतिनाट्याच्या एका मोठ्या साधनावाचून सांगितली. केशवराव दाते यांचे काकासाहेबही केवळ खलपुरुष नाहीत. आपला अपराध त्यांना हळूहळू उमगत जातो.

पण चित्रपटाचा शेवट काय आहे? काकासाहेब नीरेला मोकळी करण्यासाठी आत्महत्या करतात. हा शेवट अनेकांना भडक आणि ओढूनताणून आणलेला वाटत आला आहे. त्या सालचा कायदा पाहिला, म्हणजे मात्र त्याचा अर्थ बदलतो. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ वर्षे ठरविले होते. पण वर कितीही वृद्ध असला तरी त्याला हरकत नव्हती. मुंबई इलाख्यात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा १९४७ साली मिळाला, आणि देशभर तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने झाला. काही जातींत काडीमोडीची रूढी होती, परंतु नीरेसारख्या पांढरपेशा घरातील मुलीला तो मार्ग नव्हता. विधवेच्या पुनर्विवाहाला मात्र १८५६ च्या कायद्याने मान्यता होती. याचा अर्थ असा, की १९३७ साली नीरेला त्या बंधनातून कायदेशीरपणे सुटायचे, तर पतीच्या मृत्यूखेरीज दुसरी वाट नव्हती. चित्रकथेने जी टोकाची घटना योजली, ती लेखकाच्या कल्पनेपेक्षा समाजाच्या विधिनियमांनीच लिहून ठेवलेली होती. मेलोड्रामातील मृत्यू आणि अश्रू पुष्कळदा अशा जागी येतात, जेथे वास्तवातले दार बंद असते. म्हणून त्यांना केवळ भाबडे म्हणून हसण्यापूर्वी त्या काळचे दार कोठे बंद होते, याचा शोध घेतला पाहिजे.

१९३९ सालच्या ‘माणूस’मध्ये शांता हुबळीकर यांनी मैना ही वेश्या साकारली. शाहू मोडक यांचा गणपत हा पोलीस शिपाई तिला घरी, आपल्या भाविक आईसमोर घेऊन येतो. तिचे एक गाणे अनेक भारतीय भाषांच्या ओळींनी गुंफलेले आहे, कारण तिच्या दारी देशाच्या सर्व प्रांतांचे पुरुष येतात. देशाच्या विविधतेचे इतके बोचरे दर्शन क्वचितच कोणी घडविले असेल. मैनेला घर हवे आहे, पण त्या घराच्या पावित्र्यापुढे ती स्वतःला उभी करू शकत नाही. शेवटी छळणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो, आणि गणपतने देऊ केलेली सुटका नाकारून ती तुरुंगाची वाट धरते. नीरेला एक वाट मिळाली. मैनेला मिळाली नाही. विवाहितेच्या नकाराला समाजमनात जागा होत होती, वेश्येच्या संसाराला अजून नव्हती, हा फरक या दोन शेवटांत नोंदला गेला आहे.

जात आणि धर्म यांच्याबाबतीतही हेच दिसते. १९३५ सालच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ अस्पृश्य मानलेल्या घरी जेवतात, ही गोष्ट प्रभातने मोठ्या निष्ठेने दाखविली, आणि एकनाथ झाले होते स्वतः बालगंधर्व. चित्रपटाचे मूळचे ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावे लागले. १९४१ सालच्या ‘शेजारी’त हिंदू आणि मुसलमान मित्रांची जोडी आहे, त्याच्या ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत हिंदूचे काम मजहर खान यांनी आणि मुसलमानाचे काम गजानन जागीरदार यांनी केले. ही अदलाबदल गोऱ्याने चिनी होण्यासारखी नव्हती. येथे कोणाची जागा कोणी हिरावून घेतली नाही. दोघेही उपस्थित होते आणि दोघांनी एकमेकांची सुखदुःखे अंगावर घेतली. परंतु अस्पृश्यतेच्या कथेत उद्धारक संत हाच नायक राहिला. ज्याचा उद्धार होतो, त्याच्या तोंडून कथा ऐकण्यास मराठी पडद्याला आणखी अनेक दशके वाट पाहावी लागली.

तिसरा प्रश्न, कथेचा शेवट कोण ठरवितो, हा पडद्याच्या मागे नेतो. हॉलिवूडच्या प्रारंभकाळात स्त्रियांना तेथे मोठे स्थान होते. लोइस वेबर ही १९१६ च्या सुमारास तेथील अग्रगण्य दिग्दर्शकांत मोडत होती, आणि फ्रान्सिस मॅरियन हिच्या पटकथांवर मोठमोठे चित्रपट उभे राहत होते. चित्रपट हा मोठ्या भांडवलाचा धंदा झाला, तसतशा दिग्दर्शिका मागे हटल्या; १९३० नंतर डोरोथी आर्झनर ही एकटीच काय ती उरली. आपल्याकडे फातमा बेगम यांनी १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला, पण तो अपवादच ठरला. प्रभातसारख्या सुधारक वृत्तीच्या संस्थेतही संस्थापक भागीदार पाच होते आणि पाचही पुरुष होते.

म्हणूनच १९३९ सालची एक घटना महत्त्वाची वाटते. पडद्यावर नकार देणाऱ्या नीरेची भूमिका करणाऱ्या शांता आपटे करारासंबंधीच्या वादातून पुण्यात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. वादात कोणाची बाजू किती खरी होती, हे ठरविणे येथे प्रस्तुत नाही. नटीने आपल्या श्रमाचा हिशेब उघडपणे मागावा, ही गोष्टच अपूर्व होती. पुढील वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या तरुणींपुढे तेथील परिस्थिती मांडली. त्याच १९४० साली अमेरिकेत ‘गॉन विथ द विंड’मधील दासीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णीय नटीला ऑस्कर मिळाले, समारंभात मात्र तिला इतरांपासून वेगळ्या टेबलाशी बसविण्यात आले होते. मान पडद्यावरच्या भूमिकेला मिळतो आणि माणूस वेगळ्या टेबलाशी बसतो, ही विसंगती दोन्ही देशांत आपापल्या परीने नांदत होती. पुढे १९७० साली हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन पुस्तकरूपाने आले, तेव्हा मराठी वाचकाला पडद्यावरच्या साध्वीमागची खरी स्त्री प्रथमच इतक्या निर्भीडपणे बोलताना ऐकू आली.

हे सर्व चित्रपट आज जुने झाले आहेत. मूकपटांपैकी बहुतेक तर नष्टच झाले; जे उरले त्यांतील पुष्कळसे पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाने जपले आहेत. ते पाहताना आजचा तरुण प्रेक्षक हातवाऱ्यांना हसेल, अश्रूंना कंटाळेल, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्या अश्रूंजवळ थांबून त्याने एवढे विचारावे: हे कोण रडते आहे, हे रडणे कोणी लिहिले, आणि तिला रडण्यावाचून दुसरे काही करण्याची मोकळीक त्या साली होती काय? हेच प्रश्न मग आजच्या पडद्याला आणि घराघरांत रोज संध्याकाळी चालणाऱ्या मालिकांनाही विचारता येतील. कायद्याची दारे उघडून आता सत्तर वर्षे झाली. तरीही कथेतली स्त्री अजून त्या दाराशी बसून रडत असेल, तर तो दोष नीरेच्या काळाचा म्हणता येणार नाही.